नव्वद अंशांचा गृहस्थ

हौशी फोटोग्राफरांमध्ये हा एक स्वतंत्र प्रकार आहे. ट्रायपॉडवरचा कॅमेरा आडव्याचा उभा करण्यासाठी कोणतं साधन घ्यावं, याचा विचार करणं हा त्याचा मुख्य उद्योग. फोटो काढणं हा जोडधंदा. खानदेशात तो जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत आढळतो, भुसावळ-अमळनेरकडेही तुरळक सापडतो. पोटासाठी तो ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, डाळ मिलचे हिशेब पाहतो, पाटबंधारे खात्यात असतो किंवा ठिबकच्या नळ्या विकतो. लग्नाचे फोटो काढून घर चालवणारा व्यावसायिक या वर्गात मोडत नाही. त्याला वेळ नसतो. तो कॅमेरा हातात धरतो, मनगट वळवतो आणि समोरच्या जोडीला 'जरा जवळ या' म्हणतो. मनगट हे साधन नव्वद अंशांच्या गृहस्थाच्या यादीत नाही, कारण ते बाजारात मिळत नाही आणि त्याला दोन प्रकारच्या पकडींतून निवड करता येत नाही.

त्याला ओळखायचं ते गळ्यातल्या कॅमेऱ्यावरून नव्हे. कॅमेरा हल्ली कोणाच्याही गळ्यात असतो. या गृहस्थाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक ॲलन की असते आणि पाकिटाच्या आतल्या कप्प्यात एक रुपयाचं एक नाणं वेगळं ठेवलेलं असतं. ते खर्चायचं नसतं. कॅमेऱ्याच्या बुडाला जी प्लेट लावतात, तिच्या स्क्रूच्या डोक्यावर खाच असते. त्या खाचेत हे नाणं घालून स्क्रू आवळायचा. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं त्या खाचेत शिरत नाही. चहाच्या टपरीवर सुट्ट्या पैशांवरून वाद निघाला की ही माहिती तो आपणहून पुरवतो. टपरीवाल्याला तिचा अजून तरी उपयोग झालेला नाही.

ज्या अडचणीतून हा गृहस्थ निपजला ती फार जुनी नाही. डोक्यावर काळं कापड घेऊन फोटो काढायचे त्या काळी कॅमेऱ्याची पाठच निघत असे. ती काढून नव्वद अंशांत फिरवून परत बसवली, की आडवी काच उभी होई आणि तिपाई जागची हलत नसे. पुढे गावोगावच्या स्टुडिओंत दोन डोळ्यांचे यॅशिका आणि रोलायफ्लेक्स आले. 120 च्या रोलवर त्यांचे बारा फोटो निघत, सहा सेंटिमीटर बाय सहा सेंटिमीटर. चौकोनाला उभं-आडवं काही नसतं. नवरा-नवरीला उभं कापायचं की वऱ्हाडाला आडवं, हे नंतर अंधाऱ्या खोलीत ठरे. घरगुती वापरातला आगफा क्लिक थ्रीसुद्धा चौकोनीच फोटो देई. 1970 साली जपानच्या मामिया कंपनीनं आरबी 67 काढला, त्याची पाठ पुन्हा फिरती होती. थोडक्यात, फिरवायची ती फिल्म, कॅमेरा नव्हे, हे कॅमेरे बनवणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. पण 1925 मध्ये लायकानं बाजारात आणलेली 24 बाय 36 मिलिमीटरची आडवी चौकट सगळ्यांना पुरून उरली, आणि डिजिटलवाल्यांनीही तिचंच माप उचललं. तिची पाठ फिरत नाही. मग माणसाला कॅमेरा फिरवावा लागला, आणि काही माणसं तो फिरवण्याची साधनं शोधत फिरू लागली.

अडचण खरी आहे, हे आधी मान्य करायला हवं. ट्रायपॉडच्या डोक्यावर कॅमेरा आडवा बसलेला असतो तेव्हा त्याचं वजन तिन्ही पायांच्या मधोमध पडतं. डोकं एका बाजूला पाडून कॅमेरा उभा केला की तो तिपाईच्या बाहेर लोंबतो. वजन एकीकडे जातं आणि स्वस्तातला ट्रायपॉड त्या बाजूला कलंडायला बघतो. म्हणून जाणकार माणूस ज्या बाजूला कॅमेरा पाडायचा त्याच बाजूला तिपाईचा एक पाय आधीच ठेवतो. शिवाय लेन्स मूळ जागेपासून वितभर बाजूला आणि तितकीच खाली सरकते. आडव्या फोटोत नवरीच्या डोक्यावर बरोबर मध्ये असलेलं मागच्या सजावटीतलं कमळ उभ्या फोटोत तिच्या कानातून उगवतं. चौकट पुन्हा पहिल्यापासून जुळवावी लागते.

याहून मोठी भानगड स्क्रूची. तो पाव इंच जाडीचा आणि इंचाला 20 आटे असलेला असतो; जगातल्या जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांच्या बुडाला त्याचंच भोक असतं. कॅमेरा आडवा असताना हा स्क्रू उभा असतो आणि वजन सरळ त्याच्यावर बसतं. कॅमेरा उभा केला की स्क्रू आडवा होतो, आणि पुढे आलेली जड लेन्स कॅमेऱ्याला त्या स्क्रूभोवती खाली फिरवायला लागते. कॅमेरा हळूहळू नाक टाकतो. इथे एक बारकावा आहे, आणि तो सांगताना या गृहस्थाचा चेहरा उजळतो. शटरचं बटण वरच्या बाजूला राहावं म्हणून बहुतेक लोक कॅमेरा डावीकडे पाडतात. डावीकडे पाडला की लेन्सचं वजन स्क्रूला सैल करण्याच्या दिशेनं ओढतं. उजवीकडे पाडला तर तेच वजन स्क्रू आवळतं. म्हणजे बोटाला जे सोयीचं ते स्क्रूला गैरसोयीचं. हे तो कागदावर आकृती काढून पटवून देतो. कागद नसेल तर लग्नपत्रिकेच्या पाठीवर. आकृती बरोबर असते.

त्याच्या खरेदीचे टप्पे ठरलेले असतात आणि ते सहसा चुकत नाहीत. पहिला ट्रायपॉड कोणीतरी व्हिडिओवाल्या ओळखीच्यानं सांगितलेला असतो. त्याला लांब दांडा असतो आणि डोकं डावी-उजवीकडे फिरतं, वर-खाली झुकतं. बाजूला मात्र पडत नाही, कारण व्हिडिओवाल्याला त्याची गरज कधी पडली नव्हती. इथे गृहस्थ पहिली युक्ती शोधतो: प्लेटवर कॅमेराच काटकोनात बसवायचा आणि डोकं पुढे झुकवायचं. कॅमेरा उभा होतो खरा, पण आता दांड्यानं वर-खाली करता येत नाही. दांडा ओढला की फोटो तिरका होतो. यावर तो महिनाभर समाधानी असतो. दुसरं येतं ते तीन दांड्यांचं डोकं. त्यातला एक दांडा कॅमेरा बाजूला नव्वद अंश पाडण्यासाठीच असतो. हे साधन उत्तम आहे, स्वस्त आहे, जळगावच्या रणरणत्या उन्हातही ते काम करतं, आणि बहुतेकांचं शोधकार्य इथे संपायला हरकत नसते. पण तीन दांडे पिशवीत मावत नाहीत; त्यातला एक कायम दुसऱ्या कोणाच्या तरी बरगडीला लागतो.

म्हणून बॉल हेड. एका वाटीत एक गोळा, वर पकड, आणि वाटीच्या कडेला एक खाच. गोळ्याचा दांडा त्या खाचेत पाडला की कॅमेरा उभा. खाचेत गेलेला गोळा मोकळेपणानं फिरत नाही, नेमकी पातळी जुळवताना घाम फुटतो आणि हात सुटला तर अख्खा कॅमेरा धाडकन खाली येतो. तो आवाज एकदा ऐकलेला माणूस बॉल हेडचा नॉब सैल करताना पुढे आयुष्यभर डावा हात कॅमेऱ्याखाली धरतो, मग त्या डोक्यावर नुसता मोबाईल का बसवलेला असेना.

यानंतर त्याला एल-प्लेट भेटते, आणि इथून पुढे त्याच्या चरित्राचे दोन भाग पडतात. एल-प्लेट म्हणजे काटकोनात वळवलेली ॲल्युमिनियमची जाड पट्टी. तिची एक बाजू कॅमेऱ्याच्या बुडाला, दुसरी डाव्या अंगाला. दोन्ही बाजूंच्या कडा तिरप्या कापलेल्या असतात आणि डोक्यावरच्या पकडीत दोन्ही बसतात. पकड सैल करायची, कॅमेरा काढायचा, वळवायचा, दुसऱ्या बाजूनं बसवायचा, पकड आवळायची. गोळा हलत नाही, वजन मध्येच राहतं, लेन्स जवळजवळ जागेवर राहते, स्क्रूवर पीळ येत नाही आणि शटर वरच्या बाजूला येतं. वर सांगितलेल्या सगळ्या अडचणींवर हे एकच उत्तर आहे आणि ते खरंच चांगलं आहे. गृहस्थाचा दोष एवढाच, की उत्तर सापडल्यावर तो थांबत नाही.

थांबू न देण्यात प्लेटचाही हात असतो. कोणत्याही कॅमेऱ्याला चालणारी एल-प्लेट सगळ्यांत स्वस्त; पण तिच्या बुडाला कॅमेरा अडकवून ठेवणारी कड नसते, त्यामुळे कॅमेरा तिच्यावरच फिरतो, ज्यासाठी तिला आणलं तेच ती करत नाही. शिवाय ती बॅटरीचं झाकण झाकते. दर बॅटरीला नाणं बाहेर. मग त्याच मॉडेलसाठी बनवलेली प्लेट मागवायची. ती कॅमेऱ्याच्या अंगाला चपखल बसते, झाकण मोकळं ठेवते, पण तिची डावी बाजू माइकच्या आणि रिमोटच्या भोकांसमोर येते आणि बाहेर उघडणारा स्क्रीन तिच्यावर अडतो. मग डावी बाजू सरकवता येणारी प्लेट. ती सरकवली की पुन्हा ॲलन की. या क्रमानं त्याच्या कपाटात तीन प्लेटा जमतात, आणि कॅमेरा एकच असतो.

पकडीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. तिरप्या कडांची ही प्लेट मूळची आर्का-स्विस या कंपनीच्या डोक्यांसाठीची. रुंदी साधारण 38 मिलिमीटर. इतर कंपन्यांनी ती उचलली, पण तिचं प्रमाण कोणा संस्थेनं ठरवून शिक्का मारून दिलेलं नाही. त्यामुळे एका कंपनीची प्लेट दुसरीच्या पकडीत कधी घट्ट, कधी डगमगती. मळसूत्री गोटी फिरवून आवळायची पकड कुठलीही प्लेट पोटात घेते; खटक्याची पकड झटपट, पण तिला मापाचा फरक खपत नाही. इटलीच्या मॅनफ्रोटोच्या पुष्कळ डोक्यांची प्लेट तर वेगळ्याच घराण्यातली, तिचा या सगळ्याशी बेटीव्यवहार नाही. गोटी की खटका, या विषयावर दोन गृहस्थ गोलाणी मार्केटच्या जिन्यात भेटले तर दुकानं बंद होईपर्यंत बोलू शकतात. त्यात एक गोटीवाला आणि एक खटकेवाला असणं आवश्यक नाही. दोघे एकाच पक्षाचे असले तरी चालतं.

इथे जळगाव आणि धुळे या उपजातींमधला फरक नोंदवायला हवा. जळगावचा गृहस्थ सराफ्याच्या गावात वाढलेला असतो. वस्तू हातात घेताच तो आधी तिचं वजन अजमावतो, मग कड नखानं तपासतो, आणि त्याच्याकडे व्हर्नियर कॅलिपर असतो. दुकानदारानं प्लेट दाखवली की तो कॅलिपर बाहेर काढतो, 38.2 म्हणतो, आणि दुकानदाराकडे तक्रारीच्या नव्हे तर सहानुभूतीच्या नजरेनं बघतो. धुळ्याचा गृहस्थ मोजत बसत नाही. धुळं हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या चौफुलीवरचं गाव. तिथे वस्तू येत-जात राहतात, आणि न आवडलेली वस्तू परत पाठवण्यात तिथे कोणाला कमीपणा वाटत नाही. त्यामुळे धुळ्याचा गृहस्थ चार पकडी एकदम मागवतो, देवपुरातल्या घराच्या गच्चीवर चारही आठवडाभर वापरतो, तीन परत करतो आणि राहिलेल्या एकीबद्दल लगेच साशंक होतो. निष्कर्षाला दोघे एकाच वेळी पोचतात. धुळेकराचा खोक्यांचा ढीग मोठा असतो, एवढंच.

जळगावच्या उपजातीत आणखी एक पोटभेद आहे: स्वतः बनवून घेणारा. शहरात एमआयडीसी आहे, पाईपवाले आहेत, लेथवर हात बसलेली माणसं आहेत. 'एवढ्याशा पट्टीला हजार रुपये कशाला' असं म्हणून हा गृहस्थ ॲल्युमिनियमचा अँगल घेऊन टर्नरकडे जातो. टर्नर काम सुबक करतो. काटकोन तंतोतंत, कडा पॉलिश केलेल्या. फक्त स्क्रू तो आपल्या डब्यातला देतो, सहा मिलिमीटरचा, कारण त्याच्या डब्यात इंचाचे आटे असण्याचं कारण नाही. सहा मिलिमीटरचा स्क्रू पाव इंचाच्या भोकात शिरतो. दोन-तीन आटे अगदी सुरळीत जातात. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, आणि आट्यांमधलं अंतरही दोघांचं वेगळं. पण हे त्या क्षणी हाताला कळत नाही. आधी तो सैल वाटतो, मग जोर लावला की घट्ट वाटतो, आणि मग कॅमेऱ्याच्या बुडातल्या आट्यांचा भुगा नाण्याच्या कडेवर दिसतो. दुरुस्तीचा खर्च प्लेटच्या किमतीच्या कित्येक पट येतो. तो घरी सांगितला जात नाही.

लग्नसराई हा या गृहस्थाच्या दर्शनाचा मोसम. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे, पारा 44-45 ला टेकलेला असताना, भाचीच्या लग्नात तो आपला ट्रायपॉड घेऊन येतो. लग्नाला फोटोग्राफर ठरवलेला असतोच. हा येतो तो 'घरचे म्हणून दोन चांगले' काढायला. ट्रायपॉड उन्हात ठेवलेल्या गाडीच्या डिकीतून आलेला असतो, त्यामुळे पाय उघडताना दस्तीनं धरावे लागतात. अक्षता पडल्या की जोडी स्टेजवर बसते, आहेर द्यायला रांग लागते, आणि रांगेच्या नेमक्या तोंडाशी तीन पाय रोवले जातात. स्टेजच्या फळ्या समपातळीत नसतात. डोक्यावरच्या काचेच्या नळीतला बुडबुडा मध्ये यायला तयार नसतो. एक पाय दोन बोटं वर, दुसरा एक बोट खाली. नवरदेवाचे मामा आहेराचं पाकीट हातात घेऊन थांबलेले. 'जिभाऊ, जाऊ का?' ते विचारतात. 'एक मिनिट, मामा,' जिभाऊ म्हणतात, नजर बुडबुड्यावर.

आडवा फोटो निघतो. आता उभा. जिभाऊंचा हात पकडीकडे जातो, खटका उघडतो, कॅमेरा निघतो, वळतो, बसतो, खटका मिटतो. दोन सेकंद. पाहणाऱ्यालाही कौतुक वाटावं इतकं ते सफाईदार असतं. एवढ्या एका हालचालीसाठी गेली दोन वर्षं खर्ची पडली, हे पटू लागतं. पण वळवल्यावर बुडबुडा पुन्हा तपासावा लागतो. तेवढ्यात मांडवातून पंगतीची हाक येते. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीपुढे खानदेशी वऱ्हाडाला थोपवून धरील असं साधन अजून कोणत्याही कंपनीनं काढलेलं नाही. रांग विरते, मामा पाकीट नवरीच्या आईच्या हाती देऊन मोकळे होतात. स्टेजवर जोडी, दोन करवल्या आणि खुर्च्या उचलायला आलेला मंडपवाला उरतो. नऊवारी नेसलेली एक म्हातारी काठी टेकत जवळ येते आणि तिपाईकडे बोट दाखवून विचारते, "हाई काय शे भाऊ?" जिभाऊंना इतका मनापासूनचा प्रश्न दिवसभरात कोणी विचारलेला नसतो. ते तिला स्क्रू, पीळ, गोळा आणि खाच हे सगळं समजावून सांगतात. म्हातारी पूर्ण ऐकून घेते. मग म्हणते, "बरं, मंग फोटू कवय निंघी?"

त्या वेळेपर्यंत ठरवलेला पोरगा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढून, मनगट वळवून, जोडीचे तीसेक उभे फोटो काढून पंगतीला बसलेला असतो.

उभ्या फोटोचं पुढे काय होतं, हा भाग या गृहस्थाच्या अभ्यासात कच्चा राहतो. लग्नाचा अल्बम आता 12 बाय 36 इंचांच्या पानांचा असतो. उघडलेलं पान उंचीच्या तिप्पट रुंद. एवढ्या आडव्या पानात उभ्या फोटोला कोपरा मिळतो, शेजारी गुलाबाची वेल आणि इंग्रजीत प्रेमविषयक मजकूर. आणि कोपऱ्यापुरता फोटो आडव्यातून कापूनही मिळतो. 24 मेगापिक्सेलच्या आडव्या फोटोतून पूर्ण उंचीचा उभा तुकडा कापला तर तो सुमारे साडेदहा मेगापिक्सेलचा उरतो, आणि त्याचा आठ बाय बारा इंची फोटो सहज सुबक छापून येतो. हे गणित गृहस्थाला येतं. तो ते करत नाही.

जुलै 2020 मध्ये इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणल्या तेव्हा त्याला वाटलं, आता काळ आपल्या बाजूला वळला. सगळं जग उभं पाहू लागलं होतं. प्री-वेडिंगवाली जोडपी लळिंगच्या किल्ल्यावर आणि मेहरुणच्या तलावाकाठी उभं चित्रण मागू लागली. इथे त्याचं ज्ञान कामी यायला हवं होतं, आणि काही अंशी आलंही. पण रीलला लागते 1080 बाय 1920 ची चौकट. फोर-के कॅमेरा आडवा ठेवूनच चित्रण केलं, तर त्याच्या मधोमध 1215 बाय 2160 चा उभा पट्टा कापता येतो, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. व्यावसायिक पोरांनी हे ताबडतोब हेरलं: कॅमेरा आडवाच ठेवायचा, त्यातूनच अल्बमवाल्यांचा आडवा व्हिडिओ आणि रीलवाल्यांचा उभा असे दोन पैसे काढायचे. काहींनी तर कॅमेरा बाजूला ठेवून मोबाईलच चिमट्यात अडकवला, जो जन्मतःच उभा असतो. गृहस्थाचा यावरचा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे: आडव्यातून उभा कापताना चौकटीची जवळजवळ दोन तृतीयांश रुंदी फुकट जाते. पोरं म्हणतात, जाऊ दे भो, ती कोणी मागितलीय?

याच गृहस्थाच्या वर्षाकाठच्या फेऱ्यांत एक चाळीसगावची असते. तिथे स्टेशनाजवळच्या बंगल्यात केकी मूस यांचं संग्रहालय आहे. मूस (1912-1989) हे पारशी कलावंत; इंग्लंडमध्ये शिकून आले आणि मग जवळजवळ सगळं आयुष्य त्या घराच्या चार भिंतींत काढलं. टेबलटॉप फोटोग्राफी ही त्यांची खासियत. टेबलावर किरकोळ वस्तू मांडून, त्यांवर उजेड पाडून ते अशी दृश्यं उभी करीत, की पाहणाऱ्याला ती बाहेरच्या जगातली वाटावीत. कॅमेरा कुठे न्यायचा आणि कसा वळवायचा, हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या टोकाकडून सोडवला होता. जगच टेबलावर मांडून घेतलं होतं. गृहस्थ ते फोटो एकामागून एक आदरानं पाहतो. त्याचा आदर खरा असतो, त्यात शंका नाही. मग तो तिथल्या माणसाला हळूच विचारतो, त्यांचा ट्रायपॉड कोणता होता.

घरात या गृहस्थाचा उपद्रव मर्यादित असतो. तो दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही; पार्सलं मात्र येतात. पार्सलं लहान पण जड असल्यामुळे सासूबाईंना त्यात काहीतरी मौल्यवान असावं असा संशय येतो, आणि जळगावात हा संशय सहजी जात नाही. बायकोला पहिल्या वर्षी प्रत्येक वस्तूचा उपयोग सांगितला जातो. दुसऱ्या वर्षापासून ती विचारत नाही. कानबाईच्या सणाच्या दिवशी मात्र रोट आणि कानबाईची मांडणी यांचा फोटो ती आपल्या मोबाईलवर आधी काढून घेते आणि मग 'आता तुमचं चालू द्या' म्हणते.

आणि तरीही या प्रकाराचा समाजाला उपयोग आहे, तो असा. फोटोवर पोट भरणाऱ्या पोरांना चूक खरेदी परवडत नाही. ट्रायपॉड किंवा डोकं घ्यायचं झालं की ती या गृहस्थाला फोन करतात. तो जे सांगतो ते अगदी थोडक्यात आणि बरोबर असतं. मधली कांडी वर काढून उंची वाढवू नको. कॅमेऱ्याच्या आणि सगळ्यांत जड लेन्सच्या वजनाच्या दुप्पट पेलेल असं डोकं घे. 70-200 सारखी मोठी लेन्स वापरणार असशील तर तिच्या गळ्यातच फिरती कडी असते, ती सैल करून कॅमेरा फिरव, तुला एल-प्लेट नको. लहान लेन्सवर उभं काम रोजचं असेल तर तुझ्याच मॉडेलची, खालची कड असलेली प्लेट घे. पकड गोटीची घे, खटक्याची नको. महिन्यातून चार-पाच उभे फोटो काढत असशील तर काहीच घेऊ नको, हातानं काढ. हा सल्ला घेऊन पोरगं दहा मिनिटांत खरेदी उरकतं आणि पुढची पाच वर्षं त्या वस्तूचा विचार करत नाही. स्वतः गृहस्थाला हाच सल्ला कोणी दिला तर तो म्हणतो, 'तसं एवढं सरळ नाहीये ते.'

राहता राहिला जुन्या साधनांचा प्रश्न. तीन दांड्यांचं डोकं भाच्याकडे जातं. बॉल हेड विकलं जातं, कारण त्याला कायम गिऱ्हाईक असतं. एल-प्लेटांना मात्र मोड येत नाही. कॅमेऱ्याचं मॉडेल बदललं की त्याच कंपनीचं असलं तरी बुडाचं माप दोन-चार मिलिमीटरनं बदलतं, बॅटरीचं झाकण सरकतं, आणि आधीची प्लेट नव्यावर बसत नाही. त्या कपाटात साठत जातात, प्रत्येक आपापल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, ॲलन कीसकट. धुळ्यात एका घरी त्यातल्या दोन देव्हाऱ्याच्या फळीखाली ब्रॅकेट म्हणून लावलेल्या आहेत. फळी बसवताना पाणसळ लावली होती.